उत्तर नाही, हेही उत्तरच: रेषीय आणि वर्गसमीकरण एकत्र सोडवताना

वही-पेन्सिल घेऊन बसा. जमलं तर चौकटीचा कागद आणि कात्रीही जवळ ठेवा. आज ऐकण्यापेक्षा करून बघायचं जास्त आहे.

विषय असा आहे. दोन अज्ञात राशी आणि त्यांच्याबद्दल दोन समीकरणं. त्यातलं एक रेषीय, म्हणजे त्यात कुठे वर्ग नाही आणि दोन अज्ञातांचा गुणाकारही नाही. दुसऱ्यात मात्र यांपैकी काहीतरी आहे. दहावीच्या पुस्तकात रेषीय समीकरणांची जोडी एका प्रकरणात असते आणि वर्गसमीकरण दुसऱ्या. दोन्ही प्रकरणं नीट येणारी मुलं, ती दोन्ही एकाच उदाहरणात आली की थबकतात. तुम्ही महाराष्ट्र बोर्डाचे असा, सीबीएसईचे असा, इंदूरला हिंदी माध्यमात शिकत असा की बडोद्याला गुजराती माध्यमात, अडचण सगळीकडे हीच.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

शिकवायला लागून मला दोन-तीन वर्षं झाली होती. मी फळ्यावर एक उदाहरण लिहिलं. एका शेतकऱ्याकडे २० मीटर जाळी आहे. त्या जाळीने त्याला एक आयताकृती वाफा चारी बाजूंनी बंद करायचा आहे. वाफ्याचं क्षेत्रफळ ३० चौरस मीटर हवं. लांबी-रुंदी काढा. आकडे मी आयत्या वेळी सुचतील ते घातले होते.

पाच मिनिटांनी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, उत्तर येत नाहीये." मी म्हणाले, "आकडेमोड चुकली असेल, पुन्हा कर." तिने पुन्हा केली, पुन्हा तेच. मी तिची वही घेऊन चूक शोधायला लागले. चूक सापडेना. तेवढ्यात तास संपला. "घरून नीट करून आण," असं सांगून मी वर्गाबाहेर पडले. वर्गाचा समज झाला की हिला येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती सुतळी घेऊन आली. घरातल्या फरशांवर वीस फरशा लांबीची सुतळी मांडून तिने आयत करून बघितले होते. वहीत लिहिलं होतं: १ आणि ९, आत ९ फरशा. २ आणि ८, आत १६. ३ आणि ७, आत २१. ४ आणि ६, आत २४. ५ आणि ५, आत २५. मग पुन्हा ६ आणि ४. ती म्हणाली, "बाई, पंचविसाच्या पुढे वाफा जातच नाही."

तिचं बरोबर होतं. गंमत म्हणजे माझं उदाहरणही चुकीचं नव्हतं. त्याचं उत्तर होतं, 'असा वाफा होऊ शकत नाही.' चूक एवढीच होती की ते उत्तर मानायची माझी तयारी नव्हती. उदाहरण आहे म्हणजे शेवटी आकडा आलाच पाहिजे, असं मी धरून चालले होते. आज तुम्हाला सांगायचं आहे ते हेच. समीकरणांची जोडी सोडवायची म्हणजे दोन अटी एकाच वेळी कुठे कुठे पाळल्या जातात ते शोधायचं. दोन ठिकाणी पाळल्या जातील, एका ठिकाणी जातील किंवा कुठेच जाणार नाहीत. तिन्ही उत्तरं सारख्याच मानाची.

आता तो वाफा आपण नीट सोडवू. लांबीला ल म्हणू, रुंदीला र. जाळी २० मीटर, म्हणजे दोन लांब्या आणि दोन रुंद्या मिळून २०. निम्मं केलं की पहिली अट मिळते:

ल + र = १०

हे रेषीय. दुसरी अट क्षेत्रफळाची. आधी ३० ऐवजी २४ घेऊ:

ल × र = २४

पद्धत एकच लक्षात ठेवा. रेषीय समीकरण साधं असतं, त्याच्याकडून एक अज्ञात मोकळं करून घ्या आणि त्याची किंमत दुसऱ्यात ठेवा. इथे र = १० − ल. ही किंमत दुसऱ्यात ठेवली की ल × (१० − ल) = २४. कंस सोडवून सगळं एका बाजूला आणा:

ल² − १०ल + २४ = ०

अवयव पाडा: (ल − ४)(ल − ६) = ०. म्हणजे ल = ४ किंवा ल = ६. ल = ४ घेतला तर र = ६, आणि ल = ६ घेतला तर र = ४. उत्तर जोड्यांमध्ये लिहायचं: (४, ६) आणि (६, ४). शेतकऱ्याच्या दृष्टीने वाफा एकच, फक्त आडवा की उभा एवढाच फरक. समीकरणांच्या दृष्टीने मात्र त्या दोन वेगळ्या जोड्या आहेत, त्यामुळे दोन्ही लिहा.

क्षेत्रफळ २५ घेतलं तर ल² − १०ल + २५ = ०, म्हणजे (ल − ५)² = ०. एकच जोडी, (५, ५). वाफा चौरस झाला.

आणि ३० घेतलं की ल² − १०ल + ३० = ०. अवयव पडत नाहीत. सूत्र वापरायला गेलात तर वर्गमुळाखाली १०० − १२०, म्हणजे −२० येतं. ती मुलगी इथेच अडली होती, आणि बरोबर अडली होती.

आता कुणी चाणाक्ष विचारेल की तिने तर पूर्ण फरशाच मोजल्या. साडेचार आणि साडेपाचचं काय? शंका रास्त आहे. करून बघा: ४.५ × ५.५ = २४.७५. हे २४ पेक्षा जास्त, पण २५ पेक्षा कमीच. असे किती अपूर्णांक तपासत बसणार? त्यापेक्षा असा विचार करा. दोघांची बेरीज १०, म्हणजे निम्मी ५. एक बाजू ५ पेक्षा जितकी जास्त, तितकीच दुसरी ५ पेक्षा कमी. त्या फरकाला त म्हणा. बाजू झाल्या ५ + त आणि ५ − त. गुणाकार २५ − त². त काहीही असो, त² ऋण होत नाही. म्हणून क्षेत्रफळ २५ च्या वर जाणं शक्य नाही. सगळे अपूर्णांक एका ओळीत निकालात निघाले. निम्म्या बेरजेपासून मोजायची ही युक्ती नवी नाही. लांबी-रुंदीची बेरीज आणि क्षेत्रफळ यांवरून बाजू काढण्याचा हा मार्ग सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर वापरलेला दिसतो.

आता कात्री घ्या. चौकटीच्या कागदातून ६ × ४ चौकटींचे चार आयत कापा. ते असे मांडा की मिळून एक मोठा चौरस होईल: पहिला आडवा, त्याच्या टोकाशी दुसरा उभा, मग तिसरा आडवा, चौथा उभा, भिरभिऱ्याच्या पात्यांसारखे एकामागून एक. मोठ्या चौरसाची प्रत्येक बाजू एक लांबी आणि एक रुंदी मिळून होते, म्हणजे १०. मधोमध एक छोटं चौरस भोक उरतं. त्याची बाजू लांबी वजा रुंदी, म्हणजे २. हिशेब जुळवा. मोठा चौरस १००, चार आयत मिळून ९६, भोक ४. बरोबर जुळलं.

हेच समीकरणात लिहिलं तर:

(ल + र)² − ४ × ल × र = (ल − र)²

बेरीज आणि गुणाकार माहीत असले की डावी बाजू हातात असते. तिच्यावरून भोकाचं क्षेत्रफळ मिळतं, त्याचं वर्गमूळ काढलं की दोघांमधला फरक मिळतो. बेरीज १०, फरक २. दोन्ही मिळवून निम्मे केले की ६, वजा करून निम्मे केले की ४. वर्गसमीकरण लिहावंही लागलं नाही.

आर्यभटाच्या इसवी सन ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटीयात, गणितपादामध्ये, याच भोकाचा नियम उलट्या बाजूने दिला आहे. तिथे गुणाकार आणि फरक माहीत आहेत. गुणाकाराची चौपट करा, त्यात फरकाचा वर्ग मिळवा, वर्गमूळ काढा, त्यात फरक मिळवून आणि वजा करून दोन्ही निम्मे करा. आपल्या आकड्यांवर करून बघा: २४ ची चौपट ९६, त्यात ४ मिळवले की १००, वर्गमूळ १०. मग १२ चे निम्मे ६, आणि ८ चे निम्मे ४. चार आयत आणि एक भोक मिळून मोठा चौरस होतो, एवढंच त्यात आहे.

आता ३० चा वाफा घ्या. चार आयत मिळून १२० चौकटी होणार आणि मोठा चौरस मात्र १०० चा. शंभराच्या जागेत एकशेवीस कसे मावतील? भोक राहायचं बाजूलाच, उलट २० चौकटी कमी पडतात. सूत्रात आलेले ते −२० हेच आहेत. ती तुटीची रक्कम आहे.

थोडं मागे जाऊन बघा. ल² − १०ल + ३० = ० या समीकरणात १०० वजा ४ गुणिले ३० करून आपण जो आकडा काढला, त्याला मराठी आणि गुजराती माध्यमात विवेचक म्हणतात, हिंदी माध्यमात विविक्तकर, इंग्रजी माध्यमात डिस्क्रिमिनंट. 'ब वर्ग वजा चार अक' असं सगळ्यांचं पाठ असतं. पण तो आकडा काय सांगतो? वर्गपदाचा सहगुणक १ असेल तेव्हा विवेचक म्हणजे त्या भोकाचं क्षेत्रफळ, म्हणजेच दोन उत्तरांमधल्या अंतराचा वर्ग. सहगुणक अ असेल तर विवेचकाला अ² ने भागलं की तोच वर्ग मिळतो. विवेचक धन असेल तर दोन उत्तरांत अंतर आहे, म्हणून उत्तरं दोन. शून्य असेल तर अंतरच नाही, दोन्ही उत्तरं एकाच जागी. ऋण असेल तर कुठल्याही वास्तव अंतराचा वर्ग ऋण होत नाही, म्हणून वास्तव उत्तर नाही. भास्कराचार्यांनी बीजगणितात सांगितलं आहे की ऋण संख्या हा वर्ग नसतोच, म्हणून तिला मूळ नाही. पुढे अकरावीत तुम्ही संमिश्र संख्या शिकाल आणि तिथे त्या मुळांना अर्थ मिळेल. पण जाळीचा वाफा तेव्हाही होणार नाही.

याचं चित्र आलेखावर बघू. आता अज्ञातांना क्ष आणि य म्हणते, तुमच्या पुस्तकात एक्स आणि वाय असतील. पहिलं समीकरण य = क्ष². हा अन्वस्त, वाटीसारखा वर उघडणारा, तळ शून्यावर. दुसरं समीकरण य = २क्ष + ३, ही तिरकी सरळ रेषा. दोन्ही य समान ठेवा:

क्ष² = २क्ष + ३
क्ष² − २क्ष − ३ = ०
(क्ष − ३)(क्ष + १) = ०

क्ष = ३ तेव्हा य = ९, आणि क्ष = −१ तेव्हा य = १. रेषा वाटीला (३, ९) आणि (−१, १) या दोन बिंदूंत छेदते. विवेचक १६, आणि ३ पासून −१ पर्यंतचं अंतर ४. वर्ग जुळला.

आता पट्टी कागदावर ठेवा आणि तिचा कल न बदलता ती हळूहळू खाली सरकवा. य = २क्ष वर आलात की छेदनबिंदूंचे क्ष ० आणि २, अंतर २. अजून खाली, य = २क्ष − १ वर आलात की क्ष² − २क्ष + १ = ०, दोन्ही बिंदू (१, १) वर येऊन एक झाले. रेषा आता वाटीला फक्त टेकली आहे, ती स्पर्शिका झाली. आणखी एक घर खाली, य = २क्ष − २ वर, रेषा वाटीला लागतच नाही आणि विवेचक −४ येतो. तीन वेगळे नियम पाठ करायची गरज नाही. पट्टी सरकते, दोन बिंदू जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि नाहीसे होतात.

पद्धत कळली तरी गुण कुठे जातात तेही सांगते. वह्या तपासताना दोन चुका सतत दिसतात.

पहिली चूक अज्ञाताने भागण्याची. य = क्ष² आणि य = ३क्ष. समान ठेवले की क्ष² = ३क्ष. इथे मुलं दोन्ही बाजूंना क्ष ने भागतात आणि क्ष = ३ लिहून मोकळी होतात. पण क्ष शून्य असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही. भागताना (०, ०) हे उत्तर कायमचं हरवलं. भागू नका. सगळं एका बाजूला आणा, क्ष(क्ष − ३) = ०, आणि दोन्ही उत्तरं घ्या: (०, ०) आणि (३, ९).

मग भागायचंच नाही का? तसं नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक उदाहरण आहे. दोन राशींमधला फरक ८ आणि त्यांच्या वर्गांमधला फरक ४००. त्या राशी सांगा. म्हणजे क्ष − य = ८ आणि क्ष² − य² = ४००. एक रेषीय, एक वर्गाचं. अगदी आजच्या धड्याचं उदाहरण, आणि ग्रंथ बाराव्या शतकातला. वर्गांतराचे अवयव पाडा: (क्ष − य)(क्ष + य) = ४००. पहिला कंस ८ आहे हे माहीत आहे, तो शून्य नाही, म्हणून खुशाल भागा. क्ष + य = ५०. बेरीज ५०, फरक ८, म्हणून राशी २९ आणि २१. इथे भागाकाराने काही हरवलं नाही, कारण ज्याने भागलं ती राशी आपल्याला माहीत होती. भागण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही राशी शून्य असू शकते का?

दुसरी चूक उलटी. तिथे उत्तर हरवत नाही, खोटं उत्तर आत शिरतं. क्ष² + य² = २५ हे वर्तुळ आणि य = क्ष + १ ही रेषा. य ची किंमत ठेवली आणि आवरलं की क्ष² + क्ष − १२ = ०, म्हणजे क्ष = ३ किंवा −४. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर असतं. आता य काढायचा. काही मुलं क्ष = ३ वर्तुळाच्या समीकरणात ठेवतात: ९ + य² = २५, य² = १६, य = ४ किंवा −४. तसंच क्ष = −४ साठी य = ३ किंवा −३. चार जोड्या लिहून टाकतात. पण (३, −४) रेषेवर आहे का? ३ + १ म्हणजे ४, −४ नव्हे. तो बिंदू वर्तुळावर आहे, रेषेवर नाही. त्याने एकच अट पाळली. म्हणून दुसरं अज्ञात नेहमी रेषीय समीकरणातून काढा, तिथे प्रत्येक क्ष ला एकच य मिळतो. खरी उत्तरं दोनच: (३, ४) आणि (−४, −३). आणि शेवटी प्रत्येक जोडी दोन्ही समीकरणांत ठेवून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण ते केलंत की उत्तर बरोबर आहे का, हे कुणाला विचारावं लागत नाही.

आता गृहपाठ. तीन जोड्या देते. उत्तरं काढायच्या आधी प्रत्येकीला उत्तरं दोन आहेत, एक आहे की नाहीच, हे विवेचकावरून लिहा.

एक: क्ष + य = ७ आणि क्ष² + य² = २५.

दोन: य = क्ष² आणि य = ४क्ष − ४.

तीन: क्ष + य = ६ आणि क्ष × य = १०. इथे कागदाचे चार आयत डोळ्यांसमोर आणा आणि मोठ्या चौरसात किती कमी पडतात ते सांगा.

आणि ज्यांना आणखी हवं त्यांच्यासाठी: २० मीटर जाळीत २० चौरस मीटरचा वाफा होतो का? होतो. पण अवयव पडणार नाहीत आणि बाजू पूर्णांकात येणार नाहीत. अवयव पडत नाहीत म्हणजे उत्तर नाही, असं घाईने लिहू नका. आधी विवेचक बघा.

शेवटी त्या मुलीचं. तिने सुतळी आणली त्या दिवशी मी फळ्यावर तेच उदाहरण पुन्हा लिहिलं आणि खाली उत्तर म्हणून लिहिलं, 'असा वाफा शक्य नाही.' मग वर्गाला सांगितलं की हे काल हिने काढलं होतं आणि मी चुकीचं ठरवलं होतं. एवढं बोलायला मला आदल्या रात्री बराच विचार करावा लागला असता. पण समोर सुतळी होती, आकडे होते, विचाराला जागाच नव्हती. तेव्हापासून एखादं मूल "उत्तर येत नाहीये" असं म्हणालं की मी "पुन्हा कर" म्हणत नाही. "का येत नाही ते दाखव," म्हणते. निम्म्या वेळा आकडेमोड चुकलेली असते, आणि ती दाखवता दाखवता मुलांना स्वतःलाच सापडते. उरलेल्या वेळी मूल बरोबर असतं.

तुम्हीही वर्गात अडलात तर आधी हे तपासा. आकडेमोड चुकली आहे, की दोन्ही अटी एकत्र पाळताच येत नाहीत? दुसरं असेल तर ठामपणे लिहा, 'वास्तव उत्तर नाही,' आणि शेजारी विवेचक मांडा.

भेटू पुढच्या भागात. वही मिटायच्या आधी तिसरी जोडी सोडवून टाका.